फिरंगरोग ते एचआयव्ही : लैंगिक आजार कसे पसरतात हे माणसाला कसं कळलं?

"डॉक्टर, एकाच ताटात जेवलं तर होतो का?" "लॉजवरचा टॉवेल वापरला होता, काही होईल का?" "डास आधी एचआयव्हीवाल्याला चावला आणि मग मला चावला तर?" दवाखान्यात हे प्रश्न आजही येतात, आणि बहुतेक वेळा दार लावून घेतल्यावर, आवाज खाली आणून. उत्तरं तुम्हाला कदाचित पाठ असतील. जेवणातून नाही, टॉवेलमधून नाही, डासातून नाही. पण हे "नाही" कोणी ठरवलं आणि कशावरून ठरवलं, हे सहसा कुणी सांगत नाही. त्यामुळे मनात कुठेतरी "पण तरीही..." उरतंच.

म्हणून आज लक्षणं, तपासण्या, उपचार अशी नेहमीची मांडणी न करता थोडा इतिहास सांगतो. लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार नेमके कोणत्या वाटेने जातात, हे नीट कळायला माणसाला जवळपास पाचशे वर्षं लागली. त्या सगळ्या काळात लोकांची भीती एका दिशेला धावत होती आणि आजार भलत्याच दाराने घरात शिरत होता.

परक्यांचा रोग

१४९५ च्या सुमारास फ्रान्सच्या राजाचं सैन्य इटलीतल्या नेपल्स शहरात होतं. तिथे अंगावर फोड आणि जखमा उठवणारा, हाडं ठणकवणारा एक भयंकर आजार पसरला. मोहीम संपली, सैनिक आपापल्या गावी गेले आणि त्यांच्याबरोबर आजारही युरोपभर पोचला. हा सिफिलिस. आपल्याकडे जुन्या लोकांच्या बोलण्यात "गरमी-परमा" अशी जोडी येते ना, त्यातली गरमी ती हीच. परमा म्हणजे गनोरिया.

या आजाराची नावं बघा. इटलीतले लोक त्याला फ्रेंच रोग म्हणायचे. फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणायचे. रशियात तो पोलिश रोग होता. प्रत्येकाच्या मते तो शेजाऱ्याकडून आला होता. आपणही काही वेगळं केलं नाही. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी "भावप्रकाश" या आयुर्वेदाच्या ग्रंथात या आजाराचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं "फिरंगरोग". फिरंगी म्हणजे समुद्रावरून आलेले पोर्तुगीज आणि एकूणच युरोपीय. नाव अगदीच अन्यायाचं होतं असंही नाही, कारण आजार बहुधा त्यांच्याच जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला. भावमिश्रांना श्रेय द्यायला हवं ते वेगळ्या गोष्टीचं. हा आजार अंगसंगातून लागतो हे त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. मात्र बोट दाखवलं फिरंगी स्त्रीकडे. त्या काळी गोव्याला येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांवर जवळजवळ सगळे पुरुषच असत, हे लक्षात घेतलं तर यातली गंमत कळेल.

उपचार होते पारा आणि चोपचिनी. चोपचिनी म्हणजे चीनहून येणारं एक मूळ. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या औषधींवरच्या पुस्तकात या मुळाला एक अख्खं प्रकरण दिलं आहे. पाऱ्याने लाळ गळायची, दात पडायचे, आणि तरी लोक तो घ्यायचे. कारण काही आठवड्यांत जखम भरून यायची आणि बरं वाटायचं.

इथे जरा थांबून एक गोष्ट समजून घ्या, कारण ती आजही तेवढीच लागू आहे. सिफिलिसची पहिली जखम बहुधा दुखत नाही. औषध घ्या किंवा घेऊ नका, ती काही आठवड्यांत आपोआप भरते. मग अंगावर पुरळ येतं, तेही जातं. त्यानंतर आजार वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो आणि पुढे मेंदू, हृदय किंवा मोठी रक्तवाहिनी पोखरून बाहेर येतो. पाऱ्याला मिळालेलं बरंचसं श्रेय या आपोआप भरणाऱ्या जखमेचं होतं. आज मेडिकलमधून ट्यूब आणून लावणाऱ्या माणसाचीही फसगत नेमकी अशीच होते.

आजार एक की दोन?

फार काळ डॉक्टरांना गरमी आणि परमा हे एकाच विषाचे दोन प्रकार वाटत होते. १७६७ साली लंडनचे मोठे सर्जन जॉन हंटर यांनी परम्याचा पू टोचून प्रयोग केला. ज्याला तो टोचला त्याला सिफिलिसही झाला, आणि हंटर यांनी निष्कर्ष काढला की आजार एकच आहे. पू ज्या रुग्णाचा होता त्याला बहुधा दोन्ही आजार होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ही गाठ सुटायला सत्तर वर्षं गेली. १८३८ मध्ये फ्रान्सच्या फिलिप रिकोर्ड यांनी दोन्ही आजार वेगळे असल्याचं दाखवलं. १८७९ मध्ये अल्बर्ट नायसर यांना परम्याचा जंतू सापडला आणि १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना सिफिलिसचा, स्प्रिंगसारखा वळणावळणाचा.

जंतू सापडल्यावर टॉवेल आणि शौचालयाच्या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेतच मिळू लागलं. हे दोन्ही जंतू फार नाजूक आहेत. त्यांना ओल लागते, शरीराची ऊब लागते. सुकले की मरतात. कोरड्या कमोडवर किंवा वाळलेल्या टॉवेलवर बसून ते पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत राहत नाहीत. त्यांना एका ओलसर नाजूक त्वचेवरून थेट दुसऱ्या नाजूक त्वचेवर जावं लागतं. म्हणूनच त्यांनी लैंगिक संबंधाची वाट धरली आहे, माणसाच्या नीतिमत्तेची परीक्षा घ्यायला नव्हे.

अर्धीच साखळी तपासणारा कायदा

आपल्या देशात यावर पहिला मोठा सरकारी उपाय झाला तो इंग्रजांच्या काळात. गोऱ्या सैनिकांमध्ये हे आजार बेसुमार वाढले होते. इंग्लंडमध्ये १८६४ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आला, आणि १८६८ मध्ये तसाच कायदा हिंदुस्थानात. वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनी नाव नोंदवायचं, ठराविक दिवसांनी तपासणीला यायचं आणि आजार दिसला तर "लॉक हॉस्पिटल" नावाच्या दवाखान्यात बंद राहायचं. मुंबईतही तो काही वर्षं लागू होता. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या पुरुषांच्या तपासणीची सक्ती त्या कायद्यात नव्हती.

माझ्या मते हा कायदा अन्यायाचा होताच, शिवाय वैद्यकाच्या हिशेबानेही तो कच्चा होता. संसर्गाची साखळी दोन माणसांची असते. त्यातल्या एकालाच तपासून सोडायचं आणि दुसऱ्याला विचारायचंही नाही, तर तो दुसरा पुन्हा तिथेच आजार आणून सोडणार. त्यात रक्ताची तपासणी तेव्हा नव्हतीच. ती आली १९०६ मध्ये. नुसत्या डोळ्यांनी बघून गप्प बसलेला सिफिलिस ओळखता येत नाही, आणि स्त्रीला गनोरिया असला तरी अनेकदा काहीच लक्षण नसतं. १८८८ मध्ये इथला कायदा रद्द झाला. त्यामागची विचारसरणी मात्र राहिली, हे पुढे दिसेलच.

१९४३ मध्ये पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे सिद्ध झालं आणि जगाला वाटलं, सुटलो एकदाचे. पुढची पस्तीस-चाळीस वर्षं गुप्तरोग हा विषय डॉक्टरांनीही थोडा मागे टाकला.

१९८१ : पुन्हा तोच प्रश्न

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य साप्ताहिकात एक छोटी नोंद आली. लॉस एंजेलिसमध्ये पाच तरुणांना एक दुर्मीळ प्रकारचा न्यूमोनिया झाला होता, जो प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्या माणसालाच होतो. पाचही जण समलिंगी होते. झालं, हा "त्यांचा" आजार ठरला. मग इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमध्ये तो दिसला, तेव्हा तो "त्यांचाही" झाला. हैती देशातून आलेल्या लोकांमध्ये दिसला, तेव्हा त्यांचा. फिरंगरोगाची गोष्ट पुन्हा सुरू झाली.

पण या वेळी शोध घेणारे थांबले नाहीत. जुलै १९८२ मध्ये हिमोफिलियाच्या तीन रुग्णांमध्ये हा आजार आढळला. हिमोफिलियात रक्त गोठत नाही, म्हणून इतरांच्या रक्तापासून बनवलेलं औषध टोचावं लागतं. त्याच वर्षअखेरीस रक्त चढवलेल्या एका तान्ह्या बाळाची नोंद आली. १९८३ च्या सुरुवातीला आजारी पुरुषांच्या जोडीदार स्त्रियांची. आता चित्र स्पष्ट व्हायला लागलं. या सगळ्यांची जात, देश, राहणी यांत काहीच समान नव्हतं. समान होत्या त्या वाटा : लैंगिक संबंध, रक्त, आणि आईकडून बाळाला. १९८३ मध्येच पॅरिसमध्ये विषाणू सापडला. त्याबद्दल फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि लुक माँतान्ये यांना २००८ चं नोबेल मिळालं.

तरीही भीती हटेना. अमेरिकेत रायन व्हाइट नावाच्या मुलाला हिमोफिलियाच्या औषधातून एचआयव्ही झाला, तर १९८५ मध्ये त्याच्या शाळेने त्याला वर्गात घ्यायचं नाकारलं. आणि इथेच ताटाच्या प्रश्नाचं उत्तर शोधणारा अभ्यास पुढे आला.

एकाच घरातली १०१ माणसं

न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी एड्सच्या ३९ रुग्णांच्या घरी राहणाऱ्या १०१ जणांची तपासणी केली. हे सगळे रुग्णाबरोबर किमान तीन महिने एका घरात राहिलेले होते, पण त्याचे लैंगिक जोडीदार नव्हते. मुलं होती, आईवडील होते, भावंडं होती. बहुतेक घरं गरिबांची, दाटीवाटीची. एकच न्हाणीघर, एकच शौचालय, तीच भांडी, कित्येकदा एकच अंथरूण. आलिंगनं होती, गालाचे पापे होते, आजारपणातली सेवा होती. १०१ पैकी संसर्ग निघाला एकाच लहान मुलाला, आणि तो बहुधा जन्माच्या वेळी आईकडून आलेला होता. १९८६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. "एकत्र जेवल्याने होत नाही" हे वाक्य तुम्ही भिंतीवरच्या पोस्टरवर वाचता, त्याच्या मागे ही अशी घरं उभी आहेत.

डासाचं काय? यासाठी तर फार मोठ्या अभ्यासाचीही गरज नाही. एचआयव्ही डासाच्या पोटात वाढत नाही, पचून जातो. मलेरियाचा जंतू डासाच्या लाळेत येऊन बसतो, तसा हा येत नाही. आणि डास चावताना लाळ सोडतो, आधी प्यायलेलं रक्त नव्हे. शिवाय साधा विचार करा. डास सगळ्यांनाच चावतात, शाळकरी पोरांना तर जास्तच. डासांतून पसरला असता तर आफ्रिकेत आणि आपल्याकडे आठ-दहा वर्षांच्या मुलांमध्ये याचा सुळसुळाट दिसला असता. आजार दिसला तो तरुण, लैंगिकदृष्ट्या सक्रिय वयात आणि बाधित आईच्या बाळांमध्ये. मधल्या वयाची मुलं जवळजवळ सुटली.

घरच्या फ्रीजमधले नमुने

आपल्याकडे त्या काळी समज असा होता की हा पाश्चात्त्यांचा, स्वैराचाराचा आजार. आपल्या संस्कारी देशात येणारच नाही. १९८५-८६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये सेल्लप्पन निर्मला ही मायक्रोबायॉलॉजीची विद्यार्थिनी प्रबंधासाठी विषय शोधत होती. तिच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सॉलोमन यांनी सुचवलं, एचआयव्ही शोध. मराठी वाचकांना हे माहीत असावं म्हणून सांगतो, सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. पुढे त्यांनी वडिलांच्या नावाने सुरू केलेली वाय. आर. गायतोंडे संस्था देशातल्या एचआयव्ही उपचारांचं एक मोठं केंद्र झाली.

निर्मला सुधारगृहातल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे रक्ताचे नमुने गोळा करू लागल्या. ते ठेवायला नीट सोय नव्हती, म्हणून घरच्या फ्रीजमध्ये ठेवले. चेन्नईत तपासणीची सोय नव्हती, म्हणून रात्रीच्या रेल्वेने नवऱ्याबरोबर वेल्लोरला नेले. तिथे सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले आणि पुढे अमेरिकेतल्या तपासणीतही तेच आलं. १९८६ साली भारतात एचआयव्ही असल्याचं असं सिद्ध झालं. या स्त्रिया कधी परदेशी गेल्या नव्हत्या. विषाणू त्यांच्यापर्यंत कुणीतरी आणून पोचवला होता, आणि आणणारे पुढे आपापल्या घरी गेले होते. बातम्या मात्र स्त्रियांच्या झाल्या.

गोव्यातले ६४ दिवस

गोव्यात सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात दुरुस्ती करून एड्सच्या रुग्णाला सक्तीने वेगळं ठेवण्याची तरतूद केली गेली होती. डॉमिनिक डिसोझा हा तिशीच्या आतला तरुण स्वेच्छेने रक्तदान करायचा. त्याने दिलेल्या रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस त्याला घेऊन गेले आणि क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरात असलेल्या दवाखान्यात त्याला एकट्याला ठेवलं गेलं. ६४ दिवस. आपल्याला नेमकं काय झालंय हेही त्याला आधी नीट सांगितलं गेलं नव्हतं.

तारखा लक्षात घ्या. न्यूयॉर्कच्या १०१ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध होऊन तीन वर्षं झाली होती. ब्रिटनच्या राजकुमारी डायना यांनी हातमोजे न घालता एड्सच्या रुग्णाचा हात हातात घेतला, त्याला दोन वर्षं झाली होती. माहिती उपलब्ध होती. तरीही हवेतून पसरणाऱ्या क्षयाची उपाययोजना हवेतून न पसरणाऱ्या विषाणूला लावली गेली. डॉमिनिकची आई ल्यूसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात गेली. मुलाची सुटका झाली, पण अंतिम निकालात न्यायालयाने विलगीकरणाचा सरकारचा अधिकार मान्यच केला. १९९२ मध्ये डॉमिनिकने एचआयव्हीग्रस्तांसाठी "पॉझिटिव्ह पीपल" ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. "माय ब्रदर... निखिल" हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, तर त्यामागे याच्या आयुष्याची प्रेरणा आहे.

आरोग्याच्या दृष्टीनेही या प्रकाराने नुकसानच झालं असणार. रक्त देणाऱ्याला पोलीस उचलतात हे कळल्यावर कोण स्वतःहून तपासणीला येईल?

पुण्याच्या बायका

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या अभ्यासाकडे येतो, आणि तो आपल्या पुण्यातला आहे. १९९२ मध्ये भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे नारी, सुरू झाली. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तिथल्या संशोधकांनी तपासणी केली. त्यांचं नेतृत्व करणारे डॉ. रमण गंगाखेडकर तुम्हाला कोविडच्या काळात टीव्हीवर रोज दिसायचे. ९१६ पैकी ३९१ वेश्याव्यवसायात होत्या आणि त्यांच्यात जवळपास निम्म्या बाधित होत्या. ते अपेक्षित होतं. उरलेल्या ५२५ जणी वेश्याव्यवसायात नव्हत्या. बहुतेक विवाहित, नवऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाशी कधी संबंध न आलेल्या. त्यांच्यात १३.६ टक्के बाधित निघाल्या.

या आकड्याकडे जरा शांतपणे बघा. साधारण दर सात-आठ जणींमागे एक. यांना कुणी "जोखमीच्या गटात" धरलं नव्हतं. त्यांच्यासाठी पोस्टर नव्हतं, की कंडोमची पेटी नव्हती. त्या दवाखान्यात आल्या होत्या त्याही नवऱ्याकडून आलेल्या दुसऱ्या कुठल्या तरी गुप्तरोगासाठी. "अनोळखी माणसापासून जपा" या सल्ल्याचा त्यांना काय उपयोग होता? एकनिष्ठ राहणं ही अर्धीच काळजी आहे. उरलेली अर्धी जोडीदाराच्या हातात असते.

हा अभ्यास गुप्तरोग दवाखान्यातच का झाला, यालाही कारण आहे. जननेंद्रियावर जखम किंवा दाह असला की एचआयव्हीला आत शिरायला दार उघडं मिळतं, आणि दाहाच्या जागी विषाणूने बाधित होणाऱ्या पेशीही जास्त जमतात. टांझानियातल्या म्वान्झा भागात गावोगावच्या दवाखान्यांत गुप्तरोगांचे उपचार सुधारले, तर एचआयव्हीचा नवा संसर्ग सुमारे ४० टक्क्यांनी घटला, असं १९९५ मध्ये दिसलं. नंतरच्या काही अभ्यासांत इतका मोठा फरक आढळला नाही, हेही सांगायला हवं. पण जखम असताना संबंध टाळावेत आणि उपचार पूर्ण घ्यावेत, यात वाद नाही.

लॉक हॉस्पिटलच्या विचारसरणीला उलट उत्तरही महाराष्ट्रातच मिळालं. १९९२ पासून सांगलीत संग्राम या संस्थेबरोबर वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनी स्वतः कंडोम वाटायला, एकमेकींना समजवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक कंडोम नाकारत असेल तर सगळ्यांनीच त्याला नाकारायचं, ही ताकद एकटीच्या अंगात नसते. ज्यांना आजाराचं मूळ मानलं जात होतं, त्यांच्यामुळेच पुढच्या कितीतरी घरांतला संसर्ग टळला.

रक्त आणि बाळ

रक्ताची वाट बंद करणं त्या मानाने सोपं होतं, कारण तिथे लाज आड येत नाही. बाधित रक्त चढवलं तर संसर्गाची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक असते. इतकी थेट दुसरी कुठलीच वाट नाही. तुलनेसाठी सांगतो, बाधित पुरुषाकडून स्त्रीला योनीमार्गे एका संबंधातून होण्याची शक्यता सरासरी हजारात एकाहूनही थोडी कमी धरतात, गुदमार्गे ती शंभरात एकाहून जास्त. हजारात एक ऐकून निश्चिंत होऊ नका. वर्षानुवर्षांच्या संसारात हा हिशेब वाढत जातो, आणि नव्या संसर्गात किंवा जखम असताना तो एकदम उडी मारतो. पुण्याच्या त्या बायका याच हिशेबात सापडल्या.

१९८९ पासून आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली. पण पैसे घेऊन रक्त विकणारे लोक होतेच. गरजेपोटी आजार लपवून रक्त देणारे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकण्यावर बंदी आली.

बाळाच्या बाबतीत १९९४ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. गरोदर आईला आणि जन्मलेल्या बाळाला झिडोवूडिन हे औषध दिलं, तर बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आलं. आज आई वेळेवर पूर्ण उपचार घेत असेल तर हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आणता येतं. बाधित आईचं मूल बाधितच असणार, हा समज अजून आढळतो. तो तीस वर्षं जुना झाला.

आणि सर्वांत ताजी गोष्ट. उपचारांनी रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. अशा माणसाकडून जोडीदाराला लागण होते का? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या अभ्यासात ७८२ समलिंगी जोडपी होती, प्रत्येकात एक बाधित पण उपचारांवर. कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध आले आणि बाधित जोडीदाराकडून झालेला संसर्ग : शून्य. काही जणांना एचआयव्ही झाला, पण तो बाहेरच्या दुसऱ्या कुणाकडून आला होता, हे विषाणूच्या तपासणीतून कळलं. इतर गुप्तरोग मात्र यातल्या अनेकांना झाले. गोळ्या एचआयव्ही थांबवतात, सिफिलिस आणि गनोरिया थांबवत नाहीत. त्यासाठी कंडोम लागतोच. जननेंद्रियावरचा हर्पिस आणि एचपीव्ही तर कंडोमने न झाकलेल्या त्वचेवरूनही जातात, म्हणून तिथे कंडोमचं संरक्षण अर्धवट असतं.

आता तुमच्या कामाचं

भारतात १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीचे उपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागले. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो, आणि नोकरी, शाळा किंवा दवाखान्यात भेदभाव करता येत नाही. डॉमिनिकसारखं कुणाला उचलून नेणं आज या कायद्याच्या विरुद्ध ठरेल.

जोखमीचा संबंध आला असेल, सुई टोचली गेली असेल, तर ७२ तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर, सरकारी रुग्णालयात जा. २८ दिवसांच्या गोळ्यांनी संसर्ग टाळता येऊ शकतो. आठवडाभर विचार करत बसलात तर ही संधी गेली. लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या. आयसीटीसी केंद्रात तपासणी आणि समुपदेशन मोफत होतं. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

गरोदर स्त्रीच्या पहिल्या तपासण्यांत एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही असतात. त्यात सिफिलिस निघाला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने आई बरी होते आणि बाळही वाचतं. पण नवऱ्याचीही तपासणी आणि उपचार त्याच वेळी व्हायला हवेत, नाहीतर सातव्या महिन्यात तिला पुन्हा लागण झालेली असते. तिला आणायला तो आलेला असतो, बाहेर बाकावर बसलेला असतो. त्याला आत बोलवा, किंवा आम्हाला सांगा, आम्ही बोलावतो.